लोक सुधारणेस विन्मुख, कीं योजना लोकांस?

नवा रस्ता, स्थानक किंवा गाडी लोकांनीं मनापासून स्वीकारली नाहीं, कीं अधिकारीवर्ग एक ठराविक निकाल देऊन मोकळा होतो : लोक अडाणी, त्यांस सुधारणेचें मोल कळत नाहीं. आरोपीचें म्हणणें न ऐकतां दिलेला हा निकाल अपिलांत टिकणार नाहीं. आणि त्याविरुद्ध पुरावा शोधण्यास सांगोल्याबाहेर जाण्याचें कारण नाहीं.

बार्शी लाईट रेल्वे १९२७ सालीं मिरजेस पोंचली, तेव्हां सांगोलें तिच्या मार्गावर आलें. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्यानें १८९७ मध्यें सुरू केलेली ही अडीच फुटी गाडी मोठ्या कल्पकतेची होती. प्रत्येक आंसावर सारखा पांच टनांचा भार ठेवून हलक्या रुळांवरून भरपूर माल नेण्याची तींत युक्ति होती. परंतु कुर्डूवाडीस रूळ रुंद, मिरजेस मीटरचे! सांगोल्याच्या पोत्यास मुंबई गांठावयाची, तर कोणत्याहि वाटेनें निदान एकदां गाडी बदलणें प्राप्त. हमाली वेगळी, खोळंबा वेगळा, फुटतूट वेगळी. नाशवंत मालाची तर गोष्टच नको. अशा स्थितींत व्यापारी मालमोटारीकडे वळला, तर त्यास अडाणी म्हणावें कीं हिशेबी?

एकविसाव्या शतकांत मार्ग रुंद झाला, आणि २८ डिसेंबर २०२० रोजीं देशांतील शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून बंगालमधील शालिमारास निघाली. लोक तेच, डाळिंबेंहि तींच. मात्र या गाडीस किमान वजनाची अट नव्हती. वाटेंतील थांब्यांवर माल चढवितां–उतरवितां येई. आणि फळें–भाज्यांच्या भाड्यांत निम्मी सूट होती. संपूर्ण डबा भरण्याची ज्याची ऐपत नाहीं, त्या पन्नास किलोंच्या धन्यासहि तिचें दार मोकळें होतें.

‘सुटीच्या लोभानें लोक आले,’ असा आक्षेप कोणी घेईल. घेवो बापडा! भाडें हाहि योजनेचाच भाग आहे. तें रुळाइतकेंच विचारपूर्वक आंखावें लागतें.

आमची मागणी साधी आहे. मालधक्क्याचा पुढील नकाशा काढतांना बागाईतदार, अडते व हमाल यांस बोलवावें. टेंपोंतून पेटी फलाटावर किती उचलावी लागते, गाडी येईतों फळ सावलींत कोठें राहतें, तोडणी व गाडीची वेळ यांचा मेळ बसतो कीं नाहीं, हें त्यांस विचारावें. आणि तें नकाशा मंजूर होण्यापूर्वीं, नंतर नव्हे.