गाडी उलाळ झाली: छोटा ट्रेलर आणि त्यातलं वजन

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना जिथे जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे कारमागे ओढायचा छोटा ट्रेलर. आत दोन माणसांची झोपायची जागा, मागचं झाकण उचललं की स्वयंपाकाचा ओटा, कोपऱ्यात पोर्टेबल टॉयलेट. व्हिडिओ बघून हौस आली आणि घेतला, असं झालेलं नाही. आमच्या आईची जुनी सवय आहे, प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणी बंद. वाशीमहून कुठेही निघा, रस्त्यात बाईमाणसाला जायला धड जागा मिळेल याचा भरवसा नाही, म्हणून ती तोंड कोरडं ठेवून बसते. तुमच्याही घरी हे असेल. तर टॉयलेट आपल्या मागेच ओढत न्यायचं, अशी ती मूळ कल्पना. बाकीचं घर नंतर वाढत गेलं.

पहिली सहल ठरवली रिसोडमार्गे लोणार. सगळं सामान भरलं, पाण्याची टाकी काठोकाठ भरली आणि निघालो. रस्ता चांगला, थोडा उतार, वेग सत्तरच्या आसपास. समोरून एक ट्रक जोरात गेला आणि त्याच्या वाऱ्याने ट्रेलर जरासा हलला. मग दुसऱ्या बाजूला हलला, आधीपेक्षा जास्त. तिसऱ्या हेलकाव्याला कारचं मागचं अंगच ओढलं जायला लागलं. आईबाबा मागच्या सीटवर. मी ब्रेक दाबला नाही, पण ते शहाणपण नव्हतं, पाय गारठला होता एवढंच. ॲक्सिलरेटर सुटला, वेग पन्नासच्या खाली आला आणि हेलकावे आपोआप थांबले.

बाजूला उभे राहिलो. बाबा उतरले, ट्रेलरभोवती एक चक्कर मारली, पुढचा दांडा हाताने जरा उचलून पाहिला आणि म्हणाले, “बाबू, गाडी उलाळ झाली ना तुही.”

शहरातल्या मंडळींसाठी सांगतो. बैलगाडीत मागे वजन जास्त झालं की जू वर उचललं जातं, बैलांच्या गळ्यातले पट्टे आवळतात. अशा गाडीला उलाळ म्हणतात. उलट पुढे फार भरलं तर सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. पोती रचणारा माणूस या दोन्हींच्या मधली जागा शोधतो. जू किंचित दाबलेलं हवं, पण मान मोडेल इतकं नको. मी बीटेक करून जी गोष्ट इंग्रजी मॅन्युअलमध्ये वाचून सोडून दिली होती, ती बाबांनी दांडा उचलून ओळखली.

मॅन्युअलमध्ये तिला नोज वेट म्हणतात, म्हणजे ट्रेलरचं नाक कारच्या हुकावर किती किलोने दाबतंय ते. अमेरिकेत साधारण एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के सांगतात, युरोपात त्याहून कमी. मी 10 च्या जवळपास धरतो, आणि कारचा हूक तेवढं झेलतो का हे आधी बघतो.

आता आमचं गणित. रिकामा ट्रेलर 450 किलो, नाकावर 45. म्हणजे ट्रेलर चांगलाच होता. ॲक्सलपासून, म्हणजे आखापासून, हुकापर्यंत अडीच मीटर. मी 60 लिटरची टाकी आखाच्या मागे एक मीटरवर बसवली होती. 60 किलो गुणिले 1, भागिले अडीच, म्हणजे नाकावरचे 24 किलो गेले. मागच्या ओट्यात शेगडी, भांडी, कुकर, डबे मिळून 30 किलो, आखापासून सव्वा मीटर मागे. आणखी 15 गेले. 14 किलोची बॅटरी बरोबर आखावर, तिचा परिणाम शून्य. राहिले किती? 6 किलो. साडेपाचशे किलोच्या ट्रेलरचं नाक 6 किलोने दाबतंय, म्हणजे जेमतेम एक टक्का. बाबांना तो दांडा एका हाताने उचलता आला, यात नवल नाही.

घरी आल्यावर टाकी आखाच्या पुढे अर्ध्या मीटरवर आणली, म्हणजे 24 जाण्याऐवजी 12 वाढले. बॅटरी पुढच्या दांड्यावर, आखापासून दोन मीटरवर, झाकलेल्या पेटीत गेली. त्याचे 11 मिळाले. ओटा हलवता येत नव्हता, तो तिथेच राहिला. आता नाकावर 53 किलो, म्हणजे साडेनऊ टक्के. एकही वस्तू कमी केली नाही, फक्त जागा बदलल्या.

हे मोजायला यंत्र लागत नाही. सपाट जागेवर ट्रेलर उभा करा, चाकांना दगड लावा, हुकाच्या उंचीचा लाकडी ठोकळा घरातल्या वजनकाट्यावर ठेवा आणि नाक त्यावर टेकवा. सामान भरून मोजायचं, रिकाम्याचं मोजून उपयोग नाही. आणि टाकी भरलेली असताना आणि रिकामी असताना, दोन्ही वेळा.

हेलकावे वाढतात का, तर उलाळ ट्रेलर हुकाभोवती लंबकासारखा झुलतो. कमी वेगाला टायरचं घर्षण तो झुला जिरवतं. वेग वाढतो तसं हे जिरवणं कमी पडत जातं, आणि एका वेगानंतर प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो. तसं झालं तर स्टिअरिंग सरळ धरायचं, पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, कारचा ब्रेक जोरात मारायचा नाही आणि वेग वाढवून ‘ताणून सरळ’ करायला तर अजिबात जायचं नाही.

डाव्याउजव्या बाजूचंही बघावं लागतं. आपल्या जिल्ह्यात पोहरादेवी आहे, बंजारा समाजाचं मोठं तीर्थ. त्यांच्या जुन्या तांड्यांत बैलांच्या पाठीवर धान्याच्या आणि मिठाच्या गोणी लादायचे, दोन्ही अंगांना सारख्या भाराच्या. चालत्या घराचा अनुभव आपल्याकडे यूट्यूबच्या कितीतरी आधीचा आहे.

वीज थोडक्यात. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी म्हणजे साधारण 1,280 वॉट-तास. पंखा, दिवे, मोबाइल यांना रात्रीला तीनशेच्या आत लागतात, छोट्या फ्रिजला दिवसाला चारशे-पाचशे. छतावर 160 वॉटचं पॅनल असेल तर उन्हाळी आकाशात दिवसाला सहाशेच्या आसपास मिळतात. एसी विसरा. एप्रिल-मे मध्ये विदर्भात पत्र्याच्या डब्यात झोपायचंच नाही. आपला हंगाम दसऱ्यानंतर फेब्रुवारीपर्यंत.

कायद्याचं विचारणारे बरेच असतात. मोटार वाहन कायदा 1988 नुसार ट्रेलर हे वाहनच आहे. त्याची आरटीओत नोंदणी लागते, त्याला स्वतःचा नंबर असतो. खासगी वापराचा कॅम्पर ट्रेलर नॉन-ट्रान्सपोर्ट वर्गात येतो. म्हणून घेण्याआधी बनवणाऱ्याकडे मॉडेलच्या मंजुरीचा कागद मागा. ‘गावातल्या वेल्डरकडून ट्रॉलीसारखा करून घेऊ’ म्हणणाऱ्यांना माझं एकच म्हणणं, ट्रॅक्टरची ट्रॉली पंचवीसच्या वेगाने जाते. आणि चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायचा नाही, आईला झोप आली तरी.

मुक्काम कुठे? राज्याने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, पण वाशीम-बुलढाण्याच्या रस्त्यावर आम्ही अजून ओळखीच्यांच्या शेतावरच उतरतो. लोणारचं विवर अभयारण्यात येतं, तिथे काठावर तंबू ठोकायचा विचार करू नका. शेतात उतरताना काळी जमीन बघा. कोरडी असताना फरशीसारखी कडक, आणि रात्री एक सर पडली की सकाळी चाक अर्धं आत. मुरमाची जागा मिळाली तर तीच घ्या. जॅकखाली रुंद फळी टाका, नाहीतर जॅक जमिनीत जातो आणि ट्रेलर आहे तिथेच राहतो.

टॉयलेटची टाकी 20 लिटरची, दोन दिवस पुरते. ती घरच्या किंवा विचारून दुसऱ्याच्या शौचालयातच रिकामी करायची. शेत, नाला, विहिरीची बाजू, काही नाही. आमच्याकडे हे काम माझं आहे. दुसऱ्या सहलीला आईने मालेगाव यायच्या आत अर्धी बाटली संपवली होती, त्यामुळे मी तक्रार करत नाही.

निघताना साखळ्या हुकाखाली फुलीसारख्या अडकवा, मागचे दिवे कुणाला तरी बघायला सांगा. मग दहा किलोमीटरवर एकदा थांबाच. चाकांच्या हबला हात लावून बघा, एक दुसऱ्यापेक्षा जास्त तापलं असेल तर बेअरिंग बघून घ्यायचं. नट परत आवळा, कपलरची खीळ जागेवर आहे का पाहा, आणि मगच पुढे निघा.