पीठ फुगलं नाही, तर दोष कुणाचा?

डिसेंबर लागला की घरोघरी एक तक्रार हमखास ऐकू येते. पीठच फुगलं नाही! रात्री आठला वाटून ठेवलेलं इडलीचं पीठ सकाळी सहाला उघडून पाहावं, तर ते जसंच्या तसं पातेल्याच्या तळाशी बसलेलं. ना आंबूस वास, ना एक बुडबुडा. घरच्यापुरतं असेल तर आपण पटकन पोहे टाकून वेळ मारून नेतो. पण ज्या बायकांची चूलच या पिठावर पेटते, त्यांनी काय करायचं? सकाळी सातला नाश्त्याची गाडीवाला पिठाचा डबा न्यायला दारात उभा असतो. त्याला काय सांगणार?

आमच्या नाशिक जिल्ह्यात थंडी म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. निफाडचा पारा किती उतरला, ही दर हिवाळ्यात वर्तमानपत्राची बातमीच असते. या भागातल्या एका बचत गटाशी माझा कामानिमित्त संबंध आहे. गटातल्या पाचजणी आळीपाळीने इडली-डोशाचं पीठ वाटतात आणि गाड्यांना, घरोघरी पुरवतात. एका जानेवारीत लागोपाठ दोनदा पीठ बसलं. दोन्ही वेळा वाटणारी बाई एकच. झालं! गटातल्या वयाने मोठ्या मावशींनी निदान केलं, “हिला कावळा शिवलेला असणार. तशीच हात घालून बसली पिठात.” आणि ठरलं, की यापुढे महिन्याचे ते चार दिवस कुणीही पिठाला शिवायचं नाही.

मराठीत पाळी या शब्दाचे दोन अर्थ आहेत. इथे एका पाळीपायी दुसरी पाळी गेली! हसण्यावारी नेण्यासारखं हे नव्हतं, कारण वाटलेल्या दिवसाचेच पैसे मिळतात. चार दिवस बाजूला बसायचं म्हणजे चार दिवसांची कमाई बुडवायची. ज्या बाईवर ठपका आला, तिच्या हातात येणारा रोख पैसा तेवढाच. बाकीची मजुरी परस्पर नवऱ्याच्या हाती जायची.

आता खरं कारण काय, ते पाहू. पीठ आपोआप फुगत नाही, त्याला फुगवणारे सूक्ष्म जीव असतात. दह्याला आपण विरजण लावतो, तसं इडलीच्या पिठाला काही लावत नाही, कारण त्याचं विरजण डाळ-तांदळातच, त्यातही मुख्यतः उडदाच्या डाळीवर, आधीपासून असतं. ल्युकोनोस्टॉक नावाचा जिवाणू यात पुढारी. तो पिठातली साखर खातो, आम्ल तयार करतो आणि सोबत कार्बन डायऑक्साइड वायू सोडतो. आम्लामुळे आंबूस चव येते आणि वायूमुळे पीठ फुगतं. उडदाचा चिकटपणा हा वायू धरून ठेवतो. नुसत्या तांदळाचं पीठ आंबेल, पण इडलीसारखं वर येणार नाही, ते यामुळेच.

पण हे जिवाणू पीठ वाटलं की लगेच कामाला लागत नाहीत. नवीन सुनेला सासरच्या स्वयंपाकघरात डबे कुठे, साखर कुठे, हे कळायला जसा वेळ लागतो, तसंच त्यांचं. पहिले काही तास ते नव्या जागेत रुळत असतात. वरून पाहिलं तर काहीच होत नाही असं वाटतं. मग ते वाढू लागतात, एकाचे दोन, दोनाचे चार. समजा, उबेत दर तासाला ते दुप्पट होतात. तर दहा तासांत एकाचे हजारावर जातात. आता थंडीमुळे दुप्पट व्हायला दोन तास लागले, तर त्याच दहा तासांत एकाचे होतात फक्त बत्तीस! कुठे हजार आणि कुठे बत्तीस. शिवाय थंडीत त्यांचा रुळायचा काळही लांबतो. साधारण अठ्ठावीस ते बत्तीस अंश ही त्यांची आवडती ऊब. एवढी ऊब मिळाली की आठ-दहा-बारा तासांत काम होतं. कडाक्याच्या थंडीत तेच पीठ वीस-चोवीस तास घेतं. म्हणजे ते बिघडलेलं नसतं, त्याची वेळच झालेली नसते.

जगभर जिथे जिथे काही आंबवलं जातं, तिथे हेच कोडं आहे. घरी बिअर करणाऱ्या परदेशी लोकांनाही पिंपात फेस येईना म्हणून रात्र रात्र झोप नसते, असं म्हणतात! गोव्यात सान्नांच्या पिठात पूर्वापार माडाची सूर घालतात. सुरेत यीस्ट आयतं वाढलेलं असतं, त्यामुळे पिठाला सुरुवातीलाच भरपूर कामकरी मिळतात. फ्रान्समध्ये १८५६ साली लील गावच्या एका कारखानदाराची बिटापासून मद्यार्क काढायची पिंपं बिघडू लागली, तेव्हा तो लुई पाश्चरकडे गेला. पाश्चरने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. चांगल्या पिंपात गोलसर यीस्ट होतं, तर आंबट झालेल्या पिंपात बारीक काड्यांसारखे दुसरेच जीव. पुढच्याच वर्षी त्याने दुग्धाम्ल आंबवणावरचा निबंध मांडला. गंमत बघा, तिथे गुन्हेगार ठरलेल्या त्या जातकुळीचे जिवाणूच आपल्याकडे दही लावतात आणि इडली फुगवतात.

मग यात बाईची पाळी आली कुठून? ही समजूत काही आपल्याच मावशींची नाही. इसवी सन ७९ मध्ये वारलेला रोमन लेखक प्लिनी लिहून गेला आहे, की पाळी आलेल्या बाईचा स्पर्श झाला तर नवी वाइन आंबते. अगदी अलीकडे, १९२० मध्ये, बेला शिक या नामवंत डॉक्टरने अशा बाईच्या हातात फुलं कोमेजतात आणि तिच्या अंगातून एक प्रकारचं विष बाहेर पडतं, असा दावा केला होता. ते विष पुढे कुणालाही सिद्ध करता आलं नाही. आंबवण हा असा मामला आहे, की ते का बिघडलं हे डोळ्यांना दिसत नाही. आणि जे दिसत नाही, त्याचं खापर फोडायला घरात एक बाई असतेच. तिचा हात, तिची सावली, नाही तर तिचा पायगुण!

गटात मी यावर भाषण दिलं नाही, भाषणाने मावशी बधणाऱ्याही नाहीत. एक शंभर पानी वही आणली आणि भिंतीवर एक थर्मामीटर टांगला. रोज लिहायचं, कुणी वाटलं, किती वाजता, पाणी कसलं वापरलं आणि पीठ दुप्पट व्हायला किती तास लागले. कुणाला पाळी आहे, हे मात्र लिहायचं नाही. ती चौकशीची गोष्टच नव्हे. महिनाभरात वहीच बोलू लागली. चौघीजणी दुपारी वाटायच्या, उन्हाने जरा तापलेल्या टाकीच्या पाण्यात. ठपका आलेली पाचवी दिवसभर द्राक्षबागेत मजुरीला. ती अंधार पडल्यावर येऊन, बर्फासारख्या पाण्यात भिजलेली डाळ तसल्याच पाण्याने वाटायची. तिच्या पिठाला चार-पाच तास कमी आणि ऊबही कमी. पीठ बसलं, त्या दोन्ही रात्री थंडीची लाट होती, हेही सगळ्यांना आठवलं. त्यावर दुसरी एक जण हळूच म्हणाली, “ताई, खरं सांगू? मी तर त्या दिवसांत दोन-तीनदा वाटलंय. कुणाला बोलले नाही. टम्म फुगलं होतं.” मावशी गप्प राहिल्या.

आता घरी काय करता येईल ते सांगते. सगळ्यात मोठा गैरसमज गोधडीचा. गोधडी ऊब तयार करत नाही, असलेली राखते. गार पीठ गोधडीत गुंडाळलं तर ते गारच राहतं! तेव्हा सुरुवातच कोमट करा. डाळ-तांदूळ कोमट पाण्यात भिजवा, वाटतानाही कोमट पाणी घाला. हाताला सहज सोसेल एवढंच, कढत पाण्याने जिवाणू मरतील. मग पातेलं झाकून मोठ्या डब्यात ठेवा, शेजारी गरम पाण्याचा तांब्या ठेवा आणि मग खुशाल गोधडी घाला. पातेलं मात्र निम्मंच भरा. डाळीबरोबर चमचाभर मेथी भिजवली तर तिच्या चिकटपणाने पीठ हलकं होतं. आदल्या घाण्यातलं वाटीभर आंबलेलं पीठ नव्यात मिसळलं तर सुरुवातीचा वेळ बराच वाचतो, हा आमच्या गटाचा आता नेमच झाला आहे. पिठात मीठ चवीपुरतंच. जास्त झालं तर जिवाणू मंदावतात.

आणि सोडा? घाईत सगळ्याजणी घालतात. न आंबलेल्या पिठात सोडा घालून इडली फुगते, पण ते नुसतं फुगणं. आंबवताना पिठात ब गटाची जीवनसत्त्वं वाढतात, लोह अंगी लागणं सोपं होतं. आपल्यासारख्या रक्त कमी असलेल्या बायकांना तेच तर हवं असतं. सोड्याने यातलं काही मिळत नाही, उलट ब-१ जीवनसत्त्वाचा नाश होतो. पिवळट रंग आणि साबणासारखी चव येते ती वेगळीच. पीठ फुगलं नाही तर सरळ आणखी सहा तास थांबा. मात्र त्यावर गुलाबी, काळी किंवा हिरवी बुरशी दिसली, कुजका वास आला, तर जीव न अडकवता फेकून द्या. वरचं काढून खालचं वापरू, हा हिशेब इथे चालत नाही.

गटाने चार दिवसांचा नियम मागे घेतला. लोणच्याच्या बरणीबाबत मावशी अजून ऐकत नाहीत, तो विषय कधीतरी पुढे. त्या पाचव्या बाईची बागेतली मजुरी काही सुटण्यासारखी नव्हती आणि दुपारी वाटायला येणं तिला जमणार नव्हतं. ती अजूनही रात्री आठलाच वाटते. फक्त तिचं पीठ आता सकाळच्या इडलीच्या गाडीला जात नाही, संध्याकाळी लागणाऱ्या डोशाच्या गाडीला जातं.