वेग शेवटी विचारा

मी ठाण्याच्या मानपाड्यात, घोडबंदर रस्त्यालगत राहते. खाडी इथून जवळ, पण इमारतींच्या दाटीत ती दिसत नाही. माझं काम शिडाच्या बोटी तपासण्याचं. बोट विकत घेण्यापूर्वी किंवा तिचा विमा उतरवण्यापूर्वी कुणाला तरी तिचा अहवाल द्यावा लागतो, तो मी देते. हे कळलं की शेजारीपाजारी हमखास विचारतात, "किती धावते?" मोटारीच्या बाबतीत हा प्रश्न पहिला असेल. शिडाच्या बोटीच्या बाबतीत मी तो शेवटी ठेवते. आधी पाहते की तिला कोणत्या पाण्यात जायचं आहे, आणि भर समुद्रात काही मोडलं तर आतल्या माणसाचा हात तिथे पोचेल का.

वेगाचा हिशोब तसा सोपा आहे. बोटीचा जेवढा भाग पाण्याच्या रेषेवर टेकतो, त्याची लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला १.३४ ने गुणायचं. उत्तर नॉटमध्ये येतं. एक नॉट म्हणजे तासाला १.८५२ किलोमीटर. २५ फुटांच्या बोटीला ६.७ नॉट, ४९ फुटांच्या बोटीला ९.४. पाणी कापताना बोट स्वतःच एक लाट उठवते. वेग वाढतो तशी ती लाट लांबते, आणि एका वेगाला बोट आपल्याच लाटेच्या खळग्यात अडकते. जड बोटीला त्यातून वर चढणं जमत नाही. हलक्या, सपाट बुडाच्या शर्यतीच्या बोटी चढतात, पण त्या हलक्या करताना मजबुतीत आणि सामानाच्या जागेत बरंच काही सोडावं लागतं.

आणि वेग कोणत्या दिशेला, हेही पाहावं लागतं. कुठलीही शिडाची बोट थेट वाऱ्याच्या तोंडावर जात नाही. चांगली बोट वाऱ्याशी साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन धरून नागमोडी चढत जाते. जिचं शीड जुनं होऊन ताणलं आहे, तिचा हा कोन बिघडतो. ती कलते जास्त आणि पुढे सरकते कमी. मालकाला वाटतं, बोटच मंद आहे. दोष बहुतेक वेळा कापडाचा असतो.

बुडाखालच्या कीलबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं. कीलमध्ये शिसं किंवा ओतीव लोखंड असतं. वाऱ्याने बोट कलली की ते वजन तिला पुन्हा उभी करतं. शिवाय कील पाण्यात पात्यासारखी उभी असल्यामुळे बोट आडवी वाहून जात नाही. खोल, अरुंद कील असलेली बोट चपळ वळते, वाऱ्यावर छान चढते. पण मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या भरतीला पाणी साडेचार मीटरच्याही वर चढतं आणि ओहोटीला तेवढंच उतरतं. ठाण्याच्या खाडीत तर सुकतीला मैलभर चिखल उघडा पडतो. तिथे खोल कीलची बोट चिखलात आडवी होते. म्हणजे एकीकडे उत्तम ठरलेला आराखडा दुसरीकडे निरुपयोगी. आपल्याकडे हे जाणणारे फार पूर्वी होते. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी दुर्गाडी किल्ल्याच्या आसऱ्याने कल्याणच्या खाडीत जहाजबांधणी सुरू केली. रुय लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर त्या कामावर होता. मराठ्यांची गलबतं उथळ बुडाची होती. खाडीच्या मुखाशी मोठी परकी जहाजं अडत, तिथे ही सहज आत शिरत.

आजच्या काळातलं आपल्याकडचं सर्वात चांगलं उदाहरण म्हणजे 'म्हादेई'. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची फार दिवसांची इच्छा होती की भारतीयाने भारतात बांधलेल्या शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी. नौदलातले कमांडर दिलीप दोंदे यांनी ते काम स्वतःहून पत्करलं. नेदरलँड्समधल्या व्हॅन द स्टाट कार्यालयाचा 'टोंगा ५६' हा आराखडा निवडला गेला. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बोट बांधली गेली आणि फेब्रुवारी २००९ मध्ये नौदलात आली. ५६ फूट लांबी, मधे लाकूड आणि दोन्ही अंगांनी काच-तंतूंचे थर. १९ ऑगस्ट २००९ ला दोंदे मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन असे चार थांबे घेऊन मे २०१० मध्ये परतले. त्याच बोटीतून अभिलाष टॉमी नोव्हेंबर २०१२ ते मार्च २०१३ या काळात एकदाही न थांबता प्रदक्षिणा करून आले.

मला या साऱ्यात सर्वात मोलाची वाटते ती बांधणीच्या वेळची गोष्ट. ज्याला बोट चालवायची होती, तो माणूस ती बांधली जात असताना तिथे हजर होता. कोणता बोल्ट कुठे आहे आणि कोणती नळी कुठून जाते, हे त्याला पाठ होतं. दक्षिण महासागरात मध्यरात्री नळी फुटली तर त्याला नकाशा शोधावा लागत नाही. आराखडा आणि देखभाल ही दोन खाती नाहीत, असं माझं ठाम मत आहे. जिथे हात पोचत नाही तिथे देखभाल होत नाही, मग कागदावर बोट कितीही देखणी असो.

त्याच आराखड्यावर, त्याच कारखान्यात बांधलेली 'तारिणी' फेब्रुवारी २०१७ मध्ये नौदलात आली. त्याच वर्षी सहा महिला अधिकारी तिच्यातून प्रदक्षिणेला निघाल्या. परतीच्या वाटेवर सुकाणूचं काम बिघडलं, तेव्हा त्यांना मॉरिशसला थांबावं लागलं. मजबूत बोटीचाही कस लागतो तो अशाच हलत्या, झिजत्या भागांवर. तीच 'तारिणी' ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा निघाली, या वेळी फक्त दोघी जणींसह, आणि मे २०२५ मध्ये गोव्याला परतली. सात-आठ वर्षं वापरलेली बोट असा प्रवास करते, याचं अर्धं श्रेय मी तिला जपणाऱ्या हातांना देते.

वेग शेवटी का विचारायचा, हे कळतं ते 'सुहेली'च्या गोष्टीतून. साठच्या दशकात मुंबईत सागवानात बांधलेली ही ३२ फुटी बोट. १९६८ मध्ये एकट्याने, न थांबता प्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत नऊ जण उतरले. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची 'सुहेली' त्यांतल्या मंद बोटींपैकी एक. अटलांटिकमध्ये तिच्या फळ्यांच्या सांध्यांतून पाणी येऊ लागलं. नॉक्स-जॉन्स्टन समुद्रात उतरले, पाण्याखाली सांध्यात कापूस ठोकून भरला आणि वर तांब्याची पट्टी मारली. पुढे आपोआप सुकाणू धरणारं यंत्र मोडलं, तर शिडांचा तोल असा साधला की लांब कीलची ती बोट स्वतःच दिशा धरून चालत राहिली. ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला ते फॅल्मथला पोचले. नऊ जणांत शर्यत पूर्ण करणारे ते एकटेच. नायजेल टेटली यांची वेगवान तीन बुडांची बोट शेवटच्या हजार-अकराशे मैलांत बुडाली.

म्हणून जुनी बोट पाहताना मी आधी ती पाण्याबाहेर काढायला लावते. बूड सुकू देते आणि मग लहान प्लास्टिकच्या हातोडीने इंचाइंचावर ठोकत जाते. आवाज खणखणीत आला तर थर घट्ट आहेत. बद्द आला की आत पाणी शिरलंय किंवा थर सुटलेत. मधे लाकूड असलेल्या बोटीत हे फार महत्त्वाचं, कारण डेकवरच्या एका सैल बोल्टमधून झिरपणारं पाणी वर्षानुवर्षं आतलं लाकूड कुजवतं आणि बाहेरून रंग चकचकीतच राहतो. कील जिथे बुडाला जोडलेली असते, तिथे पुढच्या-मागच्या टोकाला भेग दिसते का, सुकाणू हातात धरून हलवलं तर खेळ आहे का, डोलकाठी आवळून धरणाऱ्या पोलादी तारांच्या टोकांशी एखादा धागा तुटलाय का, हे सगळं बोटांनी चाचपून पाहायचं. स्टेनलेस स्टील गंजत नाही हा गैरसमज आहे. हवा न लागणाऱ्या फटीत, खाऱ्या ओलीत ते आतून खाल्लं जातं आणि न सांगता तुटतं. म्हणून दहा-बारा वर्षांनी तारा बदलाव्यात, वरून कितीही चांगल्या दिसल्या तरी.

मुंबई बंदरातल्या शिडाच्या बोटी पावसाळ्यापूर्वी किनाऱ्यावर घेतात. हे चार महिने म्हणजे खरी देखभालीची वेळ. बुडाला चिकटलेली शिंपली आणि शेवाळ खरवडायचं, नवा रंग द्यायचा, जस्ताचे तुकडे बदलायचे. जस्त स्वतः झिजतं आणि पंख्याचा पितळी धातू वाचवतं. शिडं उतरवून गोड्या पाण्याने धुवायची, सावलीत वाळवायची. बुडावर शिंपली साठली तर उत्तम आराखड्याची बोटही रखडते, आणि तिचा तो कागदावरचा वेग तिथेच संपतो.

अहवालात मी एक वाक्य नेहमी लिहिते: या बोटीला दरवर्षी किती खर्च येईल, हे मालकाने खरेदीच्या किमतीइतक्याच गंभीरपणे धरावं. तुम्ही कधी वापरलेली शिडाची बोट घ्यायला निघालात, तर ती पाण्याबाहेर काढून, बूड सुकवून, स्वतंत्र माणसाकडून तपासल्याशिवाय बयाणा देऊ नका. आणि विकणारा बोट बाहेर काढायला नाही म्हणाला, तर तिथूनच परत फिरा.