पांडेसऱ्यात नूतनीकरण केलेलं जुनं रो-हाऊस घेताय? आधी हे वाचा

धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या आपल्या लोकांचं सुरतच्या उधना-पांडेसऱ्यात स्वतःचं घर झालं की मनापासून आनंद होतो. भुसावळकडे जाणारी गाडी उधन्याहून मिळते, कामाला जीआयडीसी जवळ. म्हणून इथल्या जुन्या रो-हाऊसना मागणी असते. मालक नवी टाइल्स, पीओपी, रंग करून घर विकायला काढतात.

रंगावर भुलू नका. पीओपीचा एखादा लाइटचा खाचा उघडून टॉर्चने वरचा स्लॅब बघा. तांबूस डाग असतील, प्लास्टर फुगलं असेल तर आतलं लोखंड गंजतंय असं समजा. वर नंतर मजला चढवला असेल तर मंजूर नकाशा मागाच. जुना पाया एका मजल्यापुरता असू शकतो. रस्ता दरवेळी उंच होतो, ओटा तिथेच राहतो, म्हणून उंबरठ्याची पातळी बघा. भेदवाड खाडीच्या बाजूला घर असेल तर पावसात पाणी कुठवर येतं ते शेजाऱ्यांना विचारा.

कागदांत बिगरशेती हुकूम, इंडेक्स-2 आणि महापालिकेचं वेराबिल (घरपट्टीचं बिल) बघा. नुसत्या नोटरीच्या साठेखतावर पूर्ण पैसे देऊ नका, त्याने मालकी मिळत नाही. गुजरातेत मुद्रांक शुल्क 4.9 टक्के, नोंदणी फी 1 टक्का. खरेदी फक्त महिलेच्या नावाने असेल तर नोंदणी फी माफ.

बयाणा देण्याआधी वकिलाला कागद आणि अनुभवी मिस्त्रीला घर नक्की दाखवा.