आखडलेले तोंड आणि मोबाइलवरचा व्यायाम

'खर्रा' हे नाव आपल्या काही सभासदांना नवे वाटेल. वस्तू मात्र ओळखीची आहे. आपण मावा म्हणतो त्याचाच हा भाऊ. सुपारी, तंबाखू नि चुना पन्नीत घालून घोटायचा आणि गालात धरून ठेवायचा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात तो गावोगाव चालतो. बायामाणसे नि शाळकरी पोरेही त्यातून सुटलेली नाहीत.

यातून कर्करोग होतो हे आता सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच्या आधी येणाऱ्या दुखण्याकडे फारसे कुणी पाहत नाही. प्रथम तिखट झोंबू लागते. मग गालाची आतली बाजू पांढुरकी नि ताठ होते, जीभ पुरती बाहेर येत नाही, आणि हळूहळू तोंडच उघडेनासे होते. भाकरीचा घास जाईना, अशी गत होते. मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली या रोगाचे वर्णन करून त्याला सबम्युकस फायब्रोसिस हे नाव दिले. सुपारीतील द्रव्यांमुळे तोंडाच्या अस्तराखाली दोरीसारखे तंतू साठतात आणि गाल आवळला जातो. जबडा हलेनासा झाला की त्याचे स्नायूही दुबळे पडतात. तंबाखू वगळून नुसती सुपारी खाणारासही हा रोग होतो, हे विशेष ध्यानात ठेवावे.

परीक्षा घरच्या घरी

आपली तीन बोटे एकावर एक उभी धरून पुढच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये घालून पाहा. ती जात असतील तर ठीक. दोनच जात असतील तर दाताच्या डॉक्टरांना दाखवावे.

उपचार कसा चालतो

औषधे, इंजेक्शने असतात. फारच आवळले असेल तर शस्त्रक्रियाही करतात. पण कोणत्याही उपचाराबरोबर रोजचा व्यायाम लागतोच. तोंड होईल तितके उघडून दहा अंक मोजायचे. गाल फुगवून हवा या गालातून त्या गालात फिरवायची. जीभ बाहेर काढून नाकाकडे, हनुवटीकडे, डावी-उजवीकडे न्यायची. आइसक्रीमच्या चपट्या काड्यांची चळत दातांमध्ये धरायची आणि डॉक्टर सांगतील तशी एकेक काडी वाढवत जायची. जोर मात्र करू नये. जबड्याच्या सांध्यात कळ आली तर थांबावे.

हे काम महिनोनमहिने चालते, आणि माणूस नेमका इथेच कंटाळतो. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या घरात. मजुरी बुडवून दर आठवड्याला एवढ्या लांब कोण जाणार? अशा ठिकाणी मोबाइल उपयोगी पडतो. पडद्यावर डॉक्टर रोग्याची जीभ, काड्या नि व्यायामाची रीत पाहू शकतात, चूक सुधारू शकतात. केंद्र सरकारच्या 'ई-संजीवनी' सेवेतून २०२० पासून घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला विनाशुल्क घेता येतो. मात्र पहिली तपासणी समोरासमोरच व्हावी. गालातली गाठ बोटाने चाचपावी लागते, ती पडद्यावर कळत नाही. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, लाल वा पांढरा चट्टा दिसला तर फोनवर भागवू नये. थेट दवाखाना गाठावा.

सोडल्यावाचून गत नाही

एकीकडे व्यायाम नि दुसरीकडे गालात खर्रा, म्हणजे फुटक्या पाटातून पाणी देण्यासारखे! साठलेले तंतू पुरते विरत नाहीत. सोडले तर आवळणे थांबू शकते आणि व्यायामाने काही मिलिमीटर मोकळीक परत मिळवता येते. एक घास सुखाने जायला तेवढीही पुरे. हे सोडणे एकट्याने जमत नाही म्हणूनच गडचिरोलीत २०१६ पासून 'सर्च' संस्था, शासन आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून 'मुक्तिपथ' हे दारू-तंबाखूमुक्तीचे काम गावाच्या संघटनेतून उभे केले.

सहकार हा तर आपला पिंड. आमची एवढीच विनंती आहे की, या गळीत हंगामात प्रत्येक मुकादमाने आपल्या टोळीत, प्रत्येक सभासदाने आपल्या घरात ही तीन बोटांची परीक्षा करून घ्यावी. आणि पोराच्या हाती मावा आणायला पैसे देऊ नयेत.