एकोणिसावं गिऱ्हाईक

औषधाच्या दुकानात बिल करायला एकच माणूस आहे, असं समजा. एका गिऱ्हाइकाला त्याची सरासरी 3 मिनिटं जातात, म्हणजे तासाला 20 जण तो हातावेगळे करू शकतो. येतात 18. मग रांग लागायचं कारणच काय? तासातली 6 मिनिटं तर तो मोकळाच राहणार!

आता गणिताचं उत्तर ऐका. असाच ओघ चालू राहिला, तर या दुकानात दर गिऱ्हाइकाला सरासरी 27 मिनिटं ताटकळावं लागेल. 3 मिनिटांच्या कामासाठी 27 मिनिटं!

विश्वास बसत नाही? मग त्याच 18 जणांना शिस्तीत बोलवून पाहू. दर 3 मिनिटं 20 सेकंदांनी एक जण, आणि प्रत्येकाचं काम बरोबर 3 मिनिटांचं. कुणालाही क्षणभरसुद्धा थांबावं लागणार नाही. माणसं तेवढीच, काम तेवढंच. मग ती 27 मिनिटं आली कुठून?

निव्वळ अनियमितपणातून. माणसं काही एकमेकांना विचारून घराबाहेर पडत नाहीत. कधी दहा मिनिटं चिटपाखरू फिरकत नाही, तर कधी पाच जण एकदम येऊन उभे राहतात. एकाला गोळ्यांची एक पट्टी हवी असते, दुसऱ्याच्या हातात पानभर यादी असते. रिकामी गेलेली मिनिटं पाण्यासारखी हंड्यात भरून ठेवता येत नाहीत. तुंबलेलं काम मात्र मागच्या प्रत्येकाला भोगावं लागतं.

हा हिशेब पहिल्यांदा मांडला गेला तो डेन्मार्कमध्ये, टेलिफोनसाठी. ॲग्नर क्रारुप अर्लांग हा गणिती 1908 साली कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत लागला. कंपनीपुढचा प्रश्न दुकानदाराचाच होता: कोण कधी फोन उचलेल याचा पत्ता नाही, मग जोडण्या ठेवायच्या किती? 1909 मध्ये अर्लांगने दाखवून दिलं, की एकेकाचा भरवसा नसला तरी सगळ्यांचे मिळून येणारे कॉल संभाव्यतेच्या ठरलेल्या नियमाने येतात. 1917 मध्ये त्याने ताटकळण्याचा वेळ काढायची सूत्रंच दिली. बेभरवशाच्या माणसांची गर्दी इतकी नियमात वागते, हे केवढं नवल!

तीच सूत्रं आपल्या दुकानाला लावू. तासाला 10 गिऱ्हाइकं आली, तर सरासरी 3 मिनिटं थांबावं लागतं. 16 आली, तर 12 मिनिटं. 18 आली, तर 27. आणि 19? तब्बल 57 मिनिटं! ताशी फक्त एक गिऱ्हाईक वाढलं आणि खोळंबा दुपटीच्याही पुढे गेला. ओघ 20 वर पोचला, की रांग वाढतच जाते.

आता 18 गिऱ्हाइकांसाठी आणखी एक माणूस ठेवा. थांबणं निम्मं होईल? 27 मिनिटांवरून ते जेमतेम 46 सेकंदांवर येतं! अट एकच: रांग एक हवी, आणि जो मोकळा होईल त्याने पुढच्याला बोलवायचं. दोन वेगळ्या रांगा केल्या, तर तेच थांबणं अडीच मिनिटांच्या आसपास जातं. कारण मग एका रांगेत माणसं खोळंबलेली असताना दुसऱ्या खिडकीवरचा माणूस रिकामा बसलेला असू शकतो.

मोठ्या दुकानांसाठी तर याहून सुंदर आडाखा आहे. एका माणसाला अखंड गुंतवून ठेवेल एवढ्या कामाला आज 1 अर्लांग म्हणतात. एकूण काम जितके अर्लांग, तितकी माणसं घ्या आणि त्या आकड्याच्या वर्गमुळाएवढी वर ठेवा. 9 अर्लांग असतील तर 3 माणसं जास्त, म्हणजे 12. आणि 100 असतील तर फक्त 10 जास्त, म्हणजे 110. काम अकरा पटींनी वाढलं, पण जादा माणसं जेमतेम सव्वातीन पट लागली. गर्दी मोठी झाली, की तिचे चढउतार एकमेकांना सांभाळून घेतात.

म्हणून दुकानदारहो, माणसं ठरवताना नुसत्या सरासरीवर जाऊ नका. गल्ल्यावर कुणी घडीभर मोकळं दिसलं, तर त्याचा पगार फुकट जातोय असं समजू नका. त्याच्या त्या मोकळेपणामुळेच तुमच्या गिऱ्हाइकाचा अर्धा तास वाचतो आहे.