नाकासाठी कपाळ

टिपू सुलतानाविरुद्धच्या १७९०-९२च्या युद्धात इंग्रज, मराठे आणि निजाम एका बाजूला होते. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा शेतकरी टिपूच्या माणसांच्या हाती लागला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात छाटला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं.

टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबईच्या डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ला तिचं वर्णन छापून आलं, ते आजही थक्क करतं. आधी मेणाचा पातळ पत्रा उरलेल्या नाकावर बसवून आकार घ्यायचा. तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, भोवती रेघ मारायची आणि तेवढं कातडं सोलायचं. मात्र दोन भुवयांमधली पट्टी तुटू द्यायची नाही. कातड्याला रक्त पोचतं ते तिथूनच. मग कातडं अर्धा पीळ देऊन खाली आणायचं आणि जुना व्रण तासून केलेल्या खाचेत त्याची कड बसवायची. टाका नाही. पाण्यात मऊ केलेला काथ लावलेल्या कापडाच्या पट्ट्या एकावर एक ठेवायच्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात बुडवलेलं कापड लावायचं. सुमारे पंचविसाव्या दिवशी भुवयांमधली पट्टी कापायची.

नाक करून देणाऱ्या त्या माणसाचं नाव कोणी टिपून ठेवलं नाही, याची खंत वाटते. हे वर्णन वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४मध्ये अशीच शस्त्रक्रिया केली आणि युरोपात तिचा बोलबाला झाला.

आता प्रयोगशाळेत वाढवलेल्या कूर्चेचे दिवस आले आहेत. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या डॉक्टरांनी २०१४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांचा अनुभव मांडला. त्वचेच्या कर्करोगामुळे त्यांच्या नाकपुडीचा भाग काढावा लागला होता. प्रत्येकाच्या नाकाच्या पडद्यातून अवघ्या ६ मिलिमीटरचा तुकडा घेतला, पेशी वाढवल्या, कोलॅजनच्या पडद्यावर पेरल्या आणि चार आठवड्यांत कूर्चा तयार केली. ती बसवली कशाखाली? कपाळावरून किंवा गालावरून वळवलेल्या कातड्याखाली. पेशी कितीही हुशारीने वाढवल्या, तरी त्यांच्यावर जिवंत, रक्त खेळतं पांघरूण लागतंच. नवं शास्त्र इथे जुन्याच्या खांद्यावर उभं आहे.

बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागातल्या, भालकी-बसवकल्याणपासून आळंदपर्यंतच्या पट्ट्याचं दुखणं मात्र नाकापेक्षा जबड्याचं आहे. तंबाखू-गुटख्याने होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगात जबड्याचं हाड काढावं लागतं, गाल आत जातो, खाणं-बोलणं अवघड होतं. तिथे पोटरीतलं बारीक हाड रक्तवाहिन्यांसकट काढून जबड्याच्या जागी बसवतात आणि त्या वाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. १९८९पासून रूढ झालेल्या या शस्त्रक्रियेला पेशींची प्रयोगशाळा लागत नाही. लागतात तयार हात, दोन पथकं आणि रात्रभर रुग्णावर डोळा ठेवणारी परिचारिका. बंगळुरूच्या किदवाई कर्करोग संस्थेचं केंद्र कलबुर्गीत आहे. नव्या कूर्चेची वाट पाहतानाच, जबड्याच्या शस्त्रक्रियेची ही सोय सीमाभागातल्या प्रत्येक रुग्णाला घराजवळ मिळावी, यासाठी पैसा आणि माणसं आधी इथे लावायला हवीत.